भिंतीवरचा श्रावण, खिशातला सावन

मे महिन्यातली अमावास्या. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या एखाद्या वडाभोवती सकाळपासून बायकांची गर्दी असते. कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या हातात सूत, टोपलीत आंबे आणि भिजवलेले हरभरे. त्याच गल्लीतली मराठी सून मात्र डबा घेऊन ऑफिसला निघालेली. शेजारीण हटकतेच, "क्यों भाभी, आज बरगद पूजने नहीं आईं?" सून हसून सांगते, "हमारे यहाँ पूनम को।" शेजारणीला ते दरवर्षी नव्याने नवल वाटते. सावित्री तीच, सत्यवान तोच, मग यमाने दोन तारखा कशा दिल्या?

तारखा यमाच्या नव्हेत, पंचांगाच्या. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे आणि छत्तीसगडात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाचे नाव बदलते. म्हणून शेजारणीच्या ज्येष्ठातली अमावास्या ही आपली वैशाख अमावास्या. २०२५ साली रायपुरात हिंदी घरांतली वटसावित्री २६ मे रोजी झाली, मराठी घरांतली १० जून रोजी. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आला, तेव्हा तर एक १६ मे आणि दुसरी थेट २९ जून. पंधरा दिवसांचे अंतर चव्वेचाळीसावर गेले!

हा घोळ रायपूरच्या मराठी घरांना नवा नाही. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ साली छत्तीसगडात उतरली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला. त्या काळापासून इथे मराठी माणसाची ये-जा आहे. तात्यापारा हे नाव उच्चारले तरी ते कळते. तेव्हापासून घरातले पंचांग एक आणि बाजारातले दुसरे. आजही अनेक स्वयंपाकघरांत जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले 'कालनिर्णय' लटकते आणि बाहेरच्या खोलीत जबलपूरचे लाला रामस्वरूप. भिंत दोघांना सामावून घेते. प्रश्न सुरू झाला तो कॅलेंडर खिशात आले तेव्हा.

फोनमध्ये सणांची यादी तयार मिळते. एक कळ दाबली की वर्षभराचे सण हजर. पण ती यादी उत्तरेकडच्या पंचांगावर बेतलेली असली, तर तिच्यावर विसंबून रजेचा अर्ज करणारी सून अमावास्येला घरी बसते आणि पौर्णिमेला ऑफिसात. श्रावणी सोमवारचेही तेच. २०२५ मध्ये शेजारचा सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. चार-चार सोमवारांपैकी २८ जुलै आणि ४ ऑगस्ट एवढेच दोन्ही घरांना सारखे. उरलेल्या सोमवारी एका घरात साबुदाणा, दुसऱ्यात भरली वांगी.

उपवास चुकला तर निदान पुढचा सोमवार असतो. श्राद्धाची तिथी चुकली तर घरातली वडीलधारी माणसे वर्षभर हळहळतात, आणि ती चुकायला एवढीच गफलत पुरते. समजा, आजेसासऱ्यांची तिथी भाद्रपद वद्य अष्टमी. मुलगा गावातल्या पंडितजींना फोनवर सांगतो, "भादो बदी अष्टमी।" पंडितजींच्या हिशेबाने ती जन्माष्टमी! ते महिनाभर आधीचा दिवस सांगतात. म्हणून फोनमध्ये अशी नोंद करताना महिन्याचे नाव एकटे लिहू नये. 'पितृपक्षातली अष्टमी' असे लिहिले की मराठी गुरुजी आणि हिंदी पंडितजी एकाच दिवशी येतात. आणि तिथीच्या नोंदीला 'दरवर्षी याच तारखेला' हा पर्याय चुकूनही देऊ नये. तो वाढदिवसाला ठीक, विम्याच्या हप्त्याला ठीक. तिथी दरवर्षी जागा बदलते, यंत्र मात्र इमानेइतबारे गेल्या वर्षीच्याच तारखेला घंटा वाजवते.

यावर उपाय फारसा अवघड नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये एकाऐवजी तीन वह्या करता येतात: घर, तिथी आणि ऑफिस. प्रत्येकीला वेगळा रंग. तिथीची वही नवरा, सासूबाई, पुण्यातली नणंद अशा सगळ्यांशी जोडून द्यावी. नोंद एकीने केली की सर्वांना दिसते. आठवण त्याच सकाळी नको, दोन दिवस आधी हवी. रजा मागायची असते, पुरणाची डाळ आणायची असते. नको असलेली तयार यादी बंदही करता येते. पण रायपुरात ती चालू ठेवलेलीच बरी, शेजारी केव्हा बोलावतील ते कळते.

ऑफिसातल्या सॉफ्टवेअरचेही थोडेसे असेच असते. काम कोणत्या तारखेला पूर्ण होईल हे ते सुट्ट्या वजा करून काढते. मुख्य कचेरी पुण्याला असली की सुट्ट्या तिकडच्या भरल्या जातात. छत्तीसगड सरकारने २०१९ मध्ये हरेली आणि तीजाची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, ते पुण्याच्या यादीत कुठून येणार? मग हरतालिकेच्या दिवशी, म्हणजे तीजाला, अर्ध्या बायका माहेरी गेलेल्या आणि यंत्र काम मागत बसलेले. शाखेपुरती सुट्ट्यांची वेगळी यादी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भरता येते. ती भरून घ्यायला कुणीतरी तोंड उघडावे लागते इतकेच.

एक गोष्ट मात्र फोन भिंतीपेक्षा सरस करतो. संकष्टीला चंद्रोदयाची मुंबईची वेळ पाहून रायपुरात ताटकळणाऱ्या कितीतरी सासूबाई आहेत. रायपूर मुंबईच्या जवळजवळ नऊ अंश पूर्वेला आहे आणि दर अंशाला चार मिनिटे. म्हणजे चंद्र इथे अर्ध्या तासाहून अधिक आधी उगवतो. फोनमधल्या पंचांगात गाव 'रायपूर' निवडले की मोदक गरम असताना पोटात जातात.

भरण्याचे काम वर्षातून एकदाच. नवे कॅलेंडर घरी आले की एखाद्या रविवारी दुपारी सासूबाईंनी चष्मा लावून वाचायचे आणि सुनेने टिपायचे. वटपौर्णिमा, चार सोमवार, पोळा, पितृपक्षातली अष्टमी. दोन तासांत बारा महिने होतात. दुधाचे खाडे मात्र पूर्वीसारखे भिंतीवरच, पेन्सिलीने.