राखाडी रंगाची मालकी कोणाची?

इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर गेल्या काही वर्षांत फिकट राखाडी रंगाने मोठेच आक्रमण केले आहे. राखेचा हा रंग एरवी कोणालाही फुकट दिसणारा. परंतु बाजारात त्याला आता कुळ, नाव आणि प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. डॉर्सेट परगण्यातील फॅरो अँड बॉल या कंपनीच्या एका राखाडी छटेचे नाव ‘एलिफंट्स ब्रेथ’, म्हणजे हत्तीचा श्वास! तिच्याहून फिकट असलेली ‘ॲमोनाइट’ ही छटा डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या जीवाश्माच्या नावाने विकली जाते, तर ‘कॉर्नफर्थ व्हाइट’ हे नाव एका वास्तु-इतिहासकाराच्या स्मरणार्थ दिलेले आहे. अशा रंगाच्या अडीच लिटरच्या डब्याला पन्नास पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागते.

या किमतीचा अर्थ श्रमाच्या भाषेत पाहावा. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधील प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरले. चाळीस चौरस मीटर भिंतींच्या खोलीला रंगाचे दोन हात द्यायचे आणि एका लिटरमध्ये बारा चौरस मीटर भिंत झाकली जाते असे धरले, तर तीन डबे लागतात. म्हणजे किमान वेतनावर जगणाऱ्या माणसाने एका खोलीच्या केवळ रंगासाठी बारा तासांहून अधिक राबायचे. नगरपालिकेचे घर भाड्याने मिळालेल्या कित्येक कुटुंबांच्या वाट्याला उघडा गिलावा किंवा आधीच्या भाडेकरूच्या डागाळलेल्या भिंती येतात. ‘तशीच छटा, पण स्वस्तात कोठे मिळेल?’ हा प्रश्न तेथे घरोघर विचारला जातो. त्याला हौशी लोकांचा चाळा समजून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. आपल्या घराची भिंत आपल्या मनासारखी असावी ही इच्छा श्रीमंतांचीच मिरासदारी आहे काय?

फिकट राखाडी रंगात असते तरी काय? पांढरेपणासाठी टिटॅनियम डायऑक्साइड, किंचित काजळी आणि झाक देण्यासाठी लोहाच्या पिवळ्या वा तांबड्या ऑक्साइडचे अल्प प्रमाण. यांतले काहीही दुर्मीळ नाही. मात्र सर्वच महाग रंग लबाडीचे असतात असे म्हणणेही न्याय्य होणार नाही. ज्या रंगात रंगद्रव्य व बंधक यांचे प्रमाण चांगले असते, तो दोन हातांत भिंत झाकतो. खडूची भुकटी व पाणी यांनी फुगवलेल्या स्वस्त रंगाला तीन-चार हात लागतात आणि ओले फडके लावताच तो निघून येतो. किमतीचा हा भाग वस्तूचा आहे. उरलेला भाग नावाचा आहे. १९३३ साली एडवर्ड चेंबरलिन यांनी मक्तेदारीयुक्त स्पर्धेचे विवेचन करताना ‘वस्तुभेद’ म्हणून जे सांगितले, त्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. छटेवर मक्तेदारी करता येत नाही, पण नावावर करता येते.

म्हणूनच पर्याय निवडणाऱ्याने नाव बाजूला ठेवून वस्तूकडे पाहावे. आपल्याला हवा असलेला राखाडी तांबूस झाकेचा आहे की निळसर, हे आधी ठरवावे. उत्तरेकडून उजेड येणाऱ्या खोलीत निळसर राखाडी उदास दिसतो. रंगाच्या दुकानातील यंत्र नमुना वाचून जवळपास तशीच छटा मिसळून देते. परंतु दोन निराळ्या मिश्रणांचे रंग दिवसा एकसारखे व दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. म्हणून मोठ्या कागदावर दोन हात मारून तो सकाळी व रात्री, वेगवेगळ्या भिंतींवर धरून पाहावा. चकाकीत फरक असला तरी एकच छटा दोन भासते. आणि हिशेब डब्याच्या किमतीचा न करता पूर्ण झाकलेल्या चौरस मीटरचा करावा. ब्रिटनमध्ये ‘कम्युनिटी रीपेंट’ हे जाळे लोकांकडे उरलेला रंग गोळा करून गरजू कुटुंबांना व संस्थांना अल्प दरात देते, तेही विसरू नये.

एवढे करून पैसे वाचतील. पण मूळ प्रश्न सुटतो काय? स्वस्त पर्यायाचा शोध घेणारा ग्राहकही ‘हा त्या रंगाच्या किती जवळ आहे?’ असेच विचारत असतो. म्हणजे खिसा सुटला तरी मन बांधलेलेच राहते. मोजपट्टी अजून कंपनीच्याच हाती असते.

ती नेहमीच तशी नव्हती. महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, ब्रिटनने ‘युटिलिटी’ योजनेखाली साधे, टिकाऊ व देखणे फर्निचर सामान्यांसाठी बनवून घेतले. युद्धानंतर शाळा बांधताना सरकारी वास्तुशिल्पज्ञांनी रंगांचाही विचार केला. शिक्षण मंत्रालयाची ‘आर्क्रोम’ ही रंगमालिका १९५३ साली आली, आणि तिच्या पायावर १९५५ मध्ये १०१ रंगांचे ब्रिटिश मानक प्रसिद्ध झाले. १९७२ साली त्याची जागा बी.एस. ४८०० या मानकाने घेतली. त्यात ‘०० ए ०१’ असा एक फिकट राखाडी आहे. पहिले दोन अंक रंगाचा वर्ण सांगतात, अक्षर करडेपणाचे प्रमाण आणि शेवटचे अंक त्याचा गडदपणा. त्यात ना हत्ती आहे, ना त्याचा श्वास! हा क्रमांक कोणीही मागावा व कोणत्याही कारखान्याने तो रंग बनवावा. गंमत अशी की १९४६ साली स्थापन झालेल्या फॅरो अँड बॉलनेही आरंभीच्या काळात नौदल व युद्धखात्याला रंग पुरविले होते. पुढे जुन्या वाड्याहवेल्यांच्या आठवणी विकणे अधिक लाभाचे ठरले, आणि २०२१ मध्ये ती कंपनी हेम्पेल या डॅनिश उद्योगाच्या ताब्यात गेली.

यावर आक्षेप येईल की क्रमांकांचे राज्य म्हणजे सरकारी कचेरीचा नीरस एकसुरीपणा. समाजवाद्यांनी सौंदर्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा दोषारोप पूर्णतः निराधार नाही. परंतु मीटर सर्वांसाठी सारखा असला म्हणून सर्वांची घरे सारख्या लांबीची होत नाहीत. माप सामाईक असले की निवड मोकळी होते.

आपल्याकडेही हे माप आहे. भारतीय मानक ५ मध्ये तयार रंग व इनॅमल यांच्या छटा क्रमांकांनी दिल्या आहेत. ‘स्मोक ग्रे’ ६९२ आणि ‘लाइट ॲडमिरल्टी ग्रे’ ६९७. कारखान्यांत व यंत्रांवर हे क्रमांक चालतात. घराच्या भिंतीपाशी मात्र आपण शेडकार्डावरील काव्यमय नावांच्या स्वाधीन होतो. म्हणून ग्राहक चळवळीने दोन साध्या मागण्या कराव्यात. प्रत्येक डब्यावर त्या छटेला सर्वांत जवळचा मानक क्रमांक छापावा, आणि एका लिटरमध्ये दोन हातांनी किती चौरस मीटर भिंत पूर्ण झाकली जाते तेही छापावे. मग ज्याला हत्तीच्या श्वासाची किंमत मोजायची असेल त्याने ती खुशाल मोजावी. ज्याला भिंत रंगवायची आहे, त्याला निदान रंगाच्या दामात रंगच मिळेल.