मोपाचे विमान आणि घरचा हिशेब



पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. जून २०२५ मध्ये तेथून सोलापूरची सेवा सुरू झाली. आपल्या वारकरी घरांना पंढरपूर जवळ आल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे.

पण स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त प्रवास नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या ‘उडान’ योजनेतही तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांची मर्यादा ठरली, ती विमानातील सुमारे अर्ध्याच जागांसाठी. उरलेल्या जागांचे भाव मागणीप्रमाणे चढतात. म्हणून चतुर्थीच्या किंवा आषाढीच्या तोंडावर तिकीट काढणाऱ्याला ते महाग पडते. शिवाय डिचोलीहून मोपापर्यंतची टॅक्सी, जादा सामानाचे पैसे आणि सोलापूर ते पंढरपूर हा सुमारे सत्तर किलोमीटरचा रस्ता तिकिटावर छापलेला नसतो.

चौघांचा हा सारा खर्च मुलांकडून कागदावर मांडून घ्यावा; मगच बस की विमान ते ठरवावे, असे माझे मत आहे. ज्या गावांच्या जमिनीवर विमानतळ उभा राहिला, तेथील मुलांनी विमान नुसते अंगणातून पाहू नये. त्यात जरूर बसावे. मात्र कर्ज काढून नव्हे, आधीपासून बेत आखून.