दाताचं बिल मागायला लाजू नका

"डॉक्टर, बिल नको, पण थोडं कमी करा ना!" दातांच्या दवाखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. कधी ते उलट बाजूनेही येतं: "रोख दिलेत तर कमी करतो, बिल मात्र मिळणार नाही." दोघांनाही वाटतं, आपला फायदा झाला. माझं स्पष्ट मत असं आहे की या व्यवहारात सगळ्यात जास्त नुकसान पेशंटचं होतं, आणि ते लगेच दिसत नाही म्हणूनच हा प्रकार चालू राहतो.

बिल नसेल तर तुमचं काय जातं?

पहिली गोष्ट उपचाराची. समजा तुम्ही इम्प्लांट बसवलं आणि सहा वर्षांनी दुसऱ्या गावात राहायला गेलात. वरची कॅप हलायला लागली. नवा डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल, "इम्प्लांट कोणत्या कंपनीचं?" कारण प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि सुटे भाग वेगळे असतात. नाव माहीत नसेल तर जुळणारा भाग शोधण्यात वेळ जातो, पैसे जातात आणि कधी कधी भाग मिळतच नाही. झिरकोनियाच्या कॅपचंही तसंच. लॅबचं वॉरंटी कार्ड आणि बिल हातात नसेल तर वॉरंटी फक्त बोलण्यापुरती उरते.

दुसरी गोष्ट हक्काची. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. उद्या तक्रार करायची वेळ आली तर कोणत्या दातावर काय केलं आणि किती पैसे दिले, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. "रोख दिले होते हो" एवढ्याने भागत नाही.

तिसरी गोष्ट आयकराची, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. तुमच्या आईवडिलांचं वय ६० किंवा जास्त आहे आणि त्यांचा आरोग्य विमा नाही. अशा वेळी त्यांच्या उपचारावर तुम्ही केलेल्या खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट जुन्या करप्रणालीत मिळू शकते. अट एकच: पैसे रोख दिलेले नसावेत. दाताचा उपचार हाही वैद्यकीय खर्चच आहे.

आता साधं गणित करू. वडिलांच्या दातांचा खर्च ४०,००० रुपये. "रोख द्या, २,००० कमी करतो," असं डॉक्टर म्हणाले आणि तुम्ही खुश झालात. पण तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्या ४०,००० वर सेससह ८,३२० रुपये कर वाचला असता. दोन हजार वाचवायला आठ हजार गेले. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाही. म्हणून रिटर्न भरण्याआधी आपल्या सीएला जरूर विचारा.

दाताच्या उपचारावर जीएसटी लागतो का?

रूट कॅनॉल, दात काढणं, सिमेंट भरणं, हिरड्यांचे उपचार या आरोग्यसेवा आहेत आणि त्या जीएसटीतून मुक्त आहेत. रूट कॅनॉलच्या बिलात खाली १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर कारण विचारा. ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही त्याला तर तो कर घेताच येत नाही.

केवळ सुंदर दिसण्यासाठी केलेली कॉस्मेटिक सर्जरी मात्र या सवलतीत बसत नाही. अपघातात तुटलेला किंवा जन्मतः असलेला दोष दुरुस्त करायचा असेल तर सवलत कायम राहते. दवाखान्यात असं करपात्र काम होत असेल आणि सगळी मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर डॉक्टरला जीएसटी नोंदणी करावी लागते.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्हाला जीएसटी लागत नाही, पण डॉक्टर जे साहित्य आणि यंत्रं विकत घेतो त्यावर त्याला तो भरावा लागतो. उपचार करमुक्त असल्यामुळे तो त्याला परत मिळत नाही. तो खर्च शेवटी फीमध्ये येतोच.

डॉक्टरची फी म्हणजे डॉक्टरचा नफा नव्हे

तुम्ही दिलेल्या पैशातून लॅबचं बिल, जागेचं भाडं, असिस्टंटचा पगार, निर्जंतुकीकरण आणि खुर्चीचा हप्ता जातो. आयकरात छोट्या व्यावसायिकांसाठी एक सोपी योजना आहे. तिच्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. तिची मर्यादा ५० लाख रुपये आहे, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आता कळलं ना, बरेच डॉक्टर यूपीआयचा आग्रह का धरतात?

मोठ्या रकमेला तर रोखीचा रस्ता बंदच आहे. एकाच उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, मग ती हप्त्याहप्त्याने का असेना. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. तेव्हा संपूर्ण तोंडाच्या इम्प्लांटसाठी कोणी सगळी रक्कम रोख मागत असेल तर सावध व्हा.

आमच्या व्यवसायातल्या मित्रांनाही सांगावंसं वाटतं. आज लपवलेली जमा उद्या आडवी येते. स्कॅनच्या यंत्रासाठी कर्ज मागायला गेलं की बँक तीन वर्षांचे रिटर्न मागते, आणि कागदावर उत्पन्नच नसतं.

"पण गरिबाला सवलत द्यायची नाही का?"

जरूर द्यावी. पण ती बिलावर लिहून द्यावी. एकूण रक्कम ५,०००, सवलत १,०००, मिळाले ४,०००. यात लपवण्यासारखं काहीच नाही. सवलत आणि बिल यांच्यातलं एक निवडायला लावणं हेच मुळात चुकीचं आहे.

बिलावर काय काय पाहावं?

१. तुमचं नाव, तारीख आणि बिल क्रमांक.
२. दाताचा नंबर. उदाहरणार्थ, ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. नुसतं "डेंटल ट्रीटमेंट" लिहिलेलं चालवून घेऊ नका.
३. काय केलं आणि कोणतं साहित्य वापरलं. इम्प्लांट असेल तर कंपनी, माप आणि पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर.
४. एकूण रक्कम, भरलेली, बाकी, आणि पैसे कसे दिले.
५. डॉक्टरचं नाव, डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि सही.

हे बिल, एक्स-रे आणि वॉरंटी कार्ड एकाच फाईलमध्ये ठेवा. मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा, कारण छापील पावतीची शाई उडते.

बिल मागितलं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवला, असं अजिबात नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. बिल द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुढचा दात दाखवण्याआधी मात्र दोनदा विचार करा.