सहा वर्षांखालचे मूल कोणाच्या भरवशावर?

आपल्या समाजात शिक्षणावर चर्चा सुरू झाली की ती थेट पहिलीच्या वर्गापासून सुरू होते आणि स्कॉलरशिप, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा, परदेशी शिष्यवृत्ती असे करत पुढे जाते. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत दिवसभर कुठे असते, त्याच्याकडे कोण बघते आणि त्याचा खर्च कोण सोसते, हा विषय विहारातल्या बैठकीत येत नाही. तो बायकांचा घरातला प्रश्न समजला जातो. आमच्या मते आपल्या वस्त्यांमधला हा आजचा मोठा आर्थिक प्रश्न आहे आणि मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याच्याच पोटात आहे. सांगोला तालुक्यात तो अगदी उघडा दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा दुष्काळी पट्टा. इथे डाळिंबाने पैसा आणला. अजनाळ्यासारखी गावे डाळिंब आणि शेततळ्यांसाठी राज्यभर ओळखली गेली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालीमारला सुटली. पुढे खोडकिडीने अनेक बागा काढाव्या लागल्या, तरी मजुरीचा मुख्य आधार आजही बाग हाच आहे. या बागा ज्यांच्या आहेत त्यांत आपली घरे थोडी. छाटणी, तोडणी, प्रतवारीला जाणाऱ्या बायकांमध्ये मात्र आपल्या वस्तीतल्या बायका पुष्कळ. सकाळी पिकअप वस्तीवर येते, बायका भरून घेऊन जाते आणि संध्याकाळी आणून सोडते. अंगणवाडी मात्र दुपारीच सुटते.

या मधल्या चार-पाच तासांचे काय करायचे, याची वाट प्रत्येक घर आपापली शोधते. आई घरी बसली तर मजुरी बुडते. मूल बरोबर नेले तर ते बांधावर झाडाच्या सावलीत, झोळीत किंवा चादरीवर. आजी असेल तर आजीकडे, पण आजीही बऱ्याचदा स्वतः मजुरीलाच असते. आणि यातले काहीच जमले नाही तर नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीवर. तोडणीच्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणत्या मुली गैरहजर आहेत ते एकदा हजेरीपत्रकात पाहावे. त्यांच्या गैरहजेरीला गुरुजी 'पालकांची अनास्था' म्हणतात. आम्ही त्याला बिनपगारी पाळणाघर म्हणतो. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७४ टक्के होती आणि बौद्ध समाजाची ८१ टक्क्यांच्या वर, हे आपण अभिमानाने सांगतो. थोरल्या मुलीची बुडालेली शाळा त्या आकड्यात दिसत नाही.

आता बांधावरच्या मुलाकडे वळू. शेततळ्याने दुष्काळी भागाला तारले, यात वाद नाही. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून सरकारने अनुदानही दिले. पण पाणी मुरू नये म्हणून तळ्याला जो प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो ओला झाला की त्याच्यावर पाय ठरत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कडेला दगड असतो. शेततळ्याच्या उतारावर धरायला काहीच नसते. त्यामुळे लहान मूलच काय, त्याला काढायला उतरलेला पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. एकाच घरातली दोन-दोन माणसे शेततळ्यात गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात, त्याचे कारण हेच. उपाय काही मोठ्या खर्चाचा नाही. चारी बाजूंनी जाळीचे कुंपण, कुलूप लागणारे फाटक, आणि उतारावर ठिकठिकाणी गाठी मारलेला दोर किंवा एकात एक बांधलेले जुने टायर. बागेवर लाखो रुपये लावणाऱ्याला हा खर्च जड नाही. पण तळे मालकाचे आणि मूल मजुराचे असले की कुंपण कोणाच्याच यादीत येत नाही.

औषधांचेही तसेच. डाळिंबावर तेल्या आणि किडीसाठी फवारण्या वारंवार होतात. उरलेले औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायची आणि रिकामे डबे घरी वापरायला न्यायची सवय आपल्याकडे आहे. दोन वर्षांच्या मुलाला बाटलीवरचे चिन्ह कळत नाही, रंग कळतो. ही सवय मोडायला योजना लागत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एका संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितले तरी पुरे.

ज्यांच्या घरात थोडा पगार आला आहे, ते दुसरी वाट धरतात. आई किंवा वडील तालुक्याला नोकरीला, घरात एक किंवा दोन मुले, आणि सगळी बचत इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत. मुले मोजकी असावीत हा विचार आपल्याला बाबासाहेबांनीच दिला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाने आणला होता. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले आणि सभागृहाने ठराव फेटाळला. समाजाने मात्र तो विचार स्वीकारला. आता त्या एक-दोन मुलांसाठी पालक कर्ज काढायला तयार आहेत, आणि बाजाराला ते नेमके कळले आहे. नर्सरीच्या जाहिरातीत शिक्षणापेक्षा 'सेफ्टी' हा शब्द मोठा असतो.

फी भरली की मूल सुरक्षित, हा भ्रम ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने मोडला. खासगी शाळेत चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. पालकांना तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, लोक रेल्वे रुळावर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सगळा भर कॅमेऱ्यांवर गेला. कॅमेरा जे घडून गेले ते दाखवतो. लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेते, तिथे बाई कर्मचारी आहे का, हे पालकाने प्रवेशाच्या दिवशी विचारायला हवे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायची आहे. ती आहे का, तिच्यात पालक कोण आहेत, हेही विचारावे. आणि पोक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, हे शाळेलाही ठाऊक असायला हवे.

शाळेच्या गाडीचे गणित वेगळेच. आरटीईच्या २५ टक्के जागांवर अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, हे अजून कित्येक पालकांना माहीत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. जागा वाचल्या. पण फी माफ झाली तरी गाडीभाडे पालकांकडेच राहते. मग महिन्याचे पैसे परवडणारी गाडी शोधली जाते, आणि ती बहुतेक वेळा क्षमतेपेक्षा दुप्पट मुले कोंबलेली व्हॅन असते. नाहीतर एकाच मोटरसायकलवर वडील, पुढे टाकीवर धाकटे, मागे आई आणि मधे थोरले, तेही रत्नागिरी-सोलापूर महामार्गावरून. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट, चालकाला बांधलेला पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये आला. तो आम्ही सांगोल्यात कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. स्कूल बसबाबत महाराष्ट्राचे २०११ चे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. ही समिती कागदावर असते. तिची बैठक मागायला पालकांना कोणी अडवलेले नाही.

लसीकरणाबद्दल थोडक्यात. पैसे देऊन चांगले मिळते हा समज इथे सगळ्यात फोल आहे. पेंटाव्हॅलेंट, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लसी सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीच्या लसीकरण सत्रात फुकट मिळतात. त्यासाठी कर्ज काढू नये.

हे सगळे ओझे एकेका आईबापाच्या डोक्यावर आले कसे, हे समजायला राज्यघटनेकडे जावे लागते. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचे निर्देश होते. त्यात सहा वर्षांखालचे मूल वगळलेले नव्हते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे कलम प्राथमिक शिक्षणापुरते आवळण्याची सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालचे मूल कामावर जायचे नाही, तर ते शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदापर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरवला. आणि २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने तो 'सहा ते चौदा' असा कापला. सहा वर्षांखालच्यांसाठी सरकार 'प्रयत्न करील' एवढेच उरले. शिक्षण हक्क मिळाला म्हणून त्या वेळी सर्वत्र आनंद झाला. ज्या वयात मेंदूची आणि शरीराची वाढ सर्वांत वेगाने होते ते वय हक्कातून बाहेर गेले, याची आपल्या चळवळीतही फारशी चर्चा झाली नाही. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर दिवसाला आठ रुपये होता. हक्क नसलेल्या मुलाची किंमत अशीच ठरते. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या. त्यांना भेटायला आपल्या किती संघटना गेल्या?

मूल सांभाळण्याचा खर्च एकट्या आईने का उचलावा, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडला होता. प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे मानले आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे असे म्हटले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पण कायद्याची ही सावली कारखान्याच्या फाटकापर्यंतच राहिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. ही संख्या १९७६ मध्ये ३० वर आणली गेली. डाळिंबाच्या बागेत चाळीस बायका तोडणी करत असल्या तरी बाग हा कारखाना नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांतल्या एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. ती राबवली गेलेली पाहणारे आम्हाला कमीच भेटले, पण तिच्यामागचे तत्त्व पक्के आहे. मूल सांभाळणे हेही काम आहे आणि त्याला मजुरी आहे.

हिशेब करून बघू. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली आणि दहा आयांनी रोज ३० रुपये काढले तर वस्तीतल्याच एका बाईची मजुरी निघते. प्रत्येक आईच्या हाती २७० उरतात आणि थोरली मुलगी शाळेत राहते. पण हे ३० रुपयेही आईने का द्यावेत? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक गावांत खुर्च्या, भांडी, शिलाई मशीन आणि पेव्हर ब्लॉकवर जातो. कारण आपणच तेवढे मागतो. जिल्हा परिषदेच्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून बांधलेली समाजमंदिरे वर्षातले बरेच दिवस कुलपात असतात. आपली विहारेही दुपारी रिकामीच असतात. एक पंखा, प्यायचे पाणी, एक चटई आणि दोन बायका एवढ्यावर तिथे पाळणाघर उभे राहू शकते. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे जातात तेवढ्यात एक तोडणीचा हंगाम निघेल. हे बोललेले काही जणांना आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

केंद्राची 'पाळणा' योजना याच कामासाठी आहे. २०२२ पासून ती मिशन शक्तीखाली चालते. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास आणि अंगणवाडीला जोडलेले पाळणाघर, अशी तिची रचना आहे. आईकडे नोकरीचा दाखला असण्याची अट नाही. बागेतल्या मजूर बाईला हवी ती हीच वेळ. मात्र हे केंद्र मागितल्याशिवाय वस्तीत येत नाही, आणि मागायचे तर यादी लागते.

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर आधी ती मागावी. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अनुसूचित जातींच्या वस्त्यांना अंगणवाडीत प्राधान्य द्यायला सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाप्रमाणे सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची आहे. गावात अंगणवाडी आहे पण ती दुसऱ्या आळीत, हमरस्त्याच्या पलीकडे आहे आणि आपली मुले तिथे जात नाहीत, असे असेल तर तेही अर्जात स्पष्ट लिहावे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची जन्मतारखेसह यादी करावी. शेजारच्या रकान्यात आई कामावर जाण्याची आणि परतण्याची वेळ लिहावी, आणि दिवसा मूल कोणाकडे असते तेही. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. ठराव तिथे बायकांनीच मांडावा. त्याच्या नकलेसह अर्ज पंचायत समितीत बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यावा आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्यावी. अंगणवाडीच्या मागणीचे तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.