गोड्या पाण्याची भीती

मागील डिसेंबरात आमच्या भूगोल विभागाची सहल लोणारला गेली. कड्यावरून ते हिरवे सरोवर दिसताच, भेंड्या खेळून घसा बसलेली मंडळीही क्षणभर गप्प झाली. मग माझा एक पाथर्डीकडचा मित्र म्हणाला, "एवढं पाणी नुसतं पडून! गोडं करून शेतीला का देत नाहीत?" सगळे हसले. मला हसू आले नाही. त्याच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी पाहून त्याला दुसरे काय सुचणार?

सरांनी सांगितले ते असे. काळ्या बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा पडला. झऱ्यांचे, पावसाचे पाणी आत येते. बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

हे ऐकले आणि मला आमचे खालचे रान आठवले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि आमच्या भागात ऊस आला. आजोबांनी उसाला हात सैल सोडून पाणी दिले. निचरा नव्हता. पाणी उडाले, खार वर आला. आज तिथे पांढरे फटक चोपण आहे. मी दोन बुके शिकून त्यांना कारण सांगायला गेलो, तर म्हणाले, "पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" शेवटपर्यंत त्यांनी ते मानले नाही.

आमच्या रानाला जो खार शाप झाला, तोच लोणारचा प्राण आहे. त्या अल्कधर्मी पाण्यात तगणारे शेवाळ आणि सूक्ष्मजीव साध्या तळ्यात सापडायचे नाहीत. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षार वाढले तेव्हा सरोवर गुलाबी झाले. ती खारप्रिय सूक्ष्मजीवांची करणी, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. मात्र गावचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते आत उतरतात, तो धोका पाटीने थांबत नाही. तिथल्या लोकांना दोष द्यायला मी धजत नाही. उतरणीवर आमच्याच सहलीने टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या होत्या. त्यांत एखादी माझीही असेल.

माझे म्हणणे एवढेच की, सांडपाणी शुद्ध करून ते सरोवराबाहेर वळवण्याचा खर्च हा शोभेचा खर्च समजू नये. पाणी पिण्याच्या वा उसाच्या कामाचे नसले की ते वाया गेले, हा आपल्या जिल्ह्याचा हिशेब तिथे लावू नये.

घरी आल्यावर हे सारे आजीला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या रानाला चर कधी काढायचा?" चर चुलत्यांच्या बांधातून जातो. अजून बोलणे झालेले नाही.