रिकाम्या सीटचा हिशेब

वाचकहो, आमचा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरीला आहे. एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. म्हणाला, "मामा, आमचं स्टिकर गेलं." आम्हाला वाटले, गाडीच चोरीला गेली. मग त्याने सारी हकीकत सांगितली.

तिकडे हमरस्त्यावर गर्दीच्या वेळेसाठी एक वेगळी मार्गिका राखून ठेवतात. तिच्यातून एकट्याने गाडी न्यायची नाही. गाडीत दोन, काही ठिकाणी तीन माणसे हवीत. चार जण चार गाड्यांऐवजी एकीतून गेले की तेल वाचते, रस्ताही मोकळा राहतो. मात्र कमी धूर सोडणाऱ्या गाड्या लोकांनी घ्याव्यात म्हणून सरकारने या नियमाला सूट दिली. विजेच्या गाड्यांना 2000 सालापासून पांढरे स्टिकर मिळाले. 2005 मध्ये गॅलनला 45 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 19 किलोमीटर जाणाऱ्या हायब्रिड गाड्यांना पिवळे मिळाले. प्लग-इन हायब्रिडना 2012 पासून हिरवे मिळाले. स्टिकर असले की एकट्यानेही त्या मार्गिकेतून जावे. केंद्राच्या कायद्याची मुदत 30 सप्टेंबर 2025 रोजी संपली आणि ही सवलत बंद झाली.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. सवलत म्हटली की खर्च कोणाच्या नावे पडला, हे आधी पाहतो. या स्टिकरपायी तिजोरीतून रोख अनुदान द्यावे लागले नाही. दिली ती सर्वांच्या रस्त्यातली जागा. नवी गाडी घेण्याची ऐपत ज्याची, त्याला ती मिळाली. पिवळे स्टिकर असलेली जुनी गाडी बाजारात चढ्या भावाने विकली जाई. सार्वजनिक रस्त्याची किंमत खासगी खिशात गेली, असेच आम्ही भाच्याला सुनावले.

तो हसला. "मामा, पुढचं पान उलटा की!"

पुढचे पान असे. पिवळ्या स्टिकरांची संख्या 85,000 वर बांधलेली होती आणि 1 जुलै 2011 रोजी ती रद्द झाली. त्या गाड्या साध्या मार्गिकांत आल्या. आता राखीव मार्गिका वेगाने धावेल, असे कोणालाही वाटेल. बर्कलेच्या विद्यापीठातील संशोधकांनी पाहिले, तर वेग दोन्हीकडे मंदावला. शेजारी गाड्यांची रांग तुंबलेली असली की राखीव मार्गिकेतला चालकही बिचकून हळू जातो.

आमचा हिशेब चुकला, हे कबूल करतो. जागा रिकामी असताना ती वापरू देणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. पण ती उसनी दिली आहे, हे दोघांच्याही ध्यानात राहिले पाहिजे. किती जणांना आणि किती दिवसांसाठी, हे आधी ठरले पाहिजे. केंद्राच्या कायद्यानेही एक पट्टी घालून दिली आहे. गर्दीच्या वेळी राखीव मार्गिकेतला सरासरी वेग ताशी 45 मैलांच्या खाली वरचेवर जाऊ लागला, तर राज्याने उपाय केलाच पाहिजे.

आपल्याकडेही ऑगस्ट 2025 मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. बसगाड्यांनाही झाला, हे बरे झाले. कारण विजेची मोटार धूर सोडत नसली, तरी एकट्या माणसासाठी रस्त्यावर जागा तेवढीच अडवते. बसमध्ये दांडीला लोंबकळणारा माणूस तीच जागा चाळीस जणांत वाटून घेतो. सवलतीचा पहिला हक्क त्याचा.

भाच्याला विचारले, "आता कसा जातोस?"

"ऑफिसातल्या दोघांना घरून घेतो. इतकी वर्षं शेजारच्याच गल्लीत राहत होते, पण ओळख नव्हती."

वाचकहो, स्टिकर गेले, सीटा भरल्या. आम्ही ही रक्कम जमेच्या बाजूला मांडली आहे.