स्वस्त किडनीसाठी परदेशी जाण्याआधी



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या मालकांचे डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून दोनदा इगतपुरीहून नाशिकला जायचे, चार तास मशीनवर काढायचे, घरी यायला संध्याकाळ. दोघांचीही मजुरी बुडते. ओळखीतल्या कुणीतरी त्यांना एका माणसाचा नंबर दिला होता. तो माणूस म्हणाला, "परदेशात ऑपरेशन करून देतो. किडनी देणारा आम्हीच बघतो. इथल्यापेक्षा निम्म्या खर्चात काम होईल. आधी थोडे पैसे भरा आणि पासपोर्ट काढा." ताईंनी आम्हाला एवढेच विचारले, "घर गहाण टाकू का?"

आम्ही त्यांना नको म्हणून सांगितले. पण नुसते नको म्हणून भागत नाही. ज्याच्या घरात माणूस झिजतोय, त्याला कारण कळले पाहिजे. म्हणून हे लिहितो आहोत.

पहिली गोष्ट आपल्याच मुंबईची आहे. आज आपल्याला परदेशाचे आमिष दाखवतात, तसे १९८० नंतरच्या काळात आखाती देशांतल्या रुग्णांना मुंबईचे दाखवले जायचे. १९८४ ते १९८८ या काळात अमिरात आणि ओमानमधले १३० डायलिसिसचे रुग्ण मुंबईला आले आणि विकत घेतलेली किडनी बसवून परत गेले. तिकडच्या डॉक्टरांनी त्यांचा हिशोब ठेवला आणि १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. पहिल्या वर्षातच जवळपास पाचातला एक रुग्ण दगावला होता. काहींना तर एचआयव्हीची लागण झाली होती. हे लोक आपल्यापेक्षा पैसेवाले होते, तरी त्यांची ही गत झाली.

असे का होते? जिथे किडनीचा बाजार भरतो, तिथे घाई असते. देणाऱ्याच्या रक्ताची, कावीळ आणि एचआयव्हीची तपासणी नीट होईलच असे नाही. ऑपरेशन झाले की दलालाला रुग्ण लवकर विमानात बसवायचा असतो. मोठ्या ऑपरेशननंतर लगेच लांबचा प्रवास केला तर पायात रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. परक्या दवाखान्यातले औषधाला दाद न देणारे जंतूही सोबत येतात. २०१० साली ब्रिटनमध्ये असेच चिवट जंतू काही रुग्णांत सापडले. त्यांतले अनेक जण भारतात किंवा पाकिस्तानात उपचार घेऊन परतले होते. म्हणजे हा धोका कुठल्या एका देशाचा नाही. स्वस्त म्हणून लांब जाणाऱ्या प्रत्येकाला तो आहे.

आणि खरे काम ऑपरेशननंतर सुरू होते. शरीराने दुसऱ्याची किडनी नाकारू नये म्हणून जन्मभर रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी होते, टीबीसारखा आजार लवकर धरतो. वरचेवर रक्त तपासून डोस कमीजास्त करावा लागतो. रुग्ण इगतपुरीत आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर समुद्रापलीकडे, तर मध्यरात्री ताप चढल्यावर फोन कुणाला करायचा? हातात धड कागदपत्र नाहीत, काय केले ते इथल्या डॉक्टरला कळत नाही. तक्रार करायची तर कुठे? इथे निदान ग्राहक आयोग आहे, पोलीस ठाणे आहे, आमदार आहे. तिकडच्या दवाखान्याला कोर्टात खेचायची आपली ऐपत नाही, आणि दलालाचा फोन तोवर बंद झालेला असतो.

आता दुसरी बाजू. ती आपल्या वस्त्यांना जास्त लागू आहे. 'देणारा आम्ही बघतो' असे दलाल म्हणतो, तेव्हा तो देणारा कोण असतो? तो आपल्यासारखाच असतो. कर्जात बुडालेला, कुठल्यातरी झोपडपट्टीतला. डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी सगळ्यांनी वाचली. सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी कंबोडियाला जाऊन किडनी विकल्याचे त्याने सांगितले. २००१ साली चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ लोकांना अभ्यासकांनी गाठले होते. जवळजवळ सगळ्यांनी कर्जापायी किडनी विकली होती. त्यानंतरही चारातले तीन जण कर्जातच होते. कुटुंबाची कमाई वाढण्याऐवजी एक तृतीयांशाने घटली होती, कारण जड काम होईना. म्हणजे किडनी गेली, कर्ज राहिले.

बचत गटाचा हप्ता, फायनान्स कंपनीचा हप्ता, सावकाराचे व्याज हे आपल्या घराघरात आहे. ज्या दलालाकडे आज आपण घेणारे म्हणून जातो, तोच उद्या आपल्या शेजाऱ्याकडे मागणारा म्हणून येईल. आपला माणूस वाचावा म्हणून दुसऱ्या वस्तीतला माणूस अर्धा करायचा, हे समतेच्या वाटेने जाणाऱ्यांना शोभत नाही.

कायदाही माहीत असू द्या. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पाच ते दहा वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. आई-वडील, मुले, भावंडे, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना जवळचे नातेवाईक म्हणून किडनी देता येते. बाकी कुणी देणार असेल तर सरकारी समितीची परवानगी लागते. खोटे नाते दाखवले तरी गुन्हाच. २०१६ साली पवईच्या एका मोठ्या रुग्णालयात खोटी बायको उभी केल्याचे प्रकरण उघड झाले तेव्हा डॉक्टरांनाही अटक झाली होती. आणखी एक गोष्ट घरातच बोलायला हवी. आपल्याकडे नात्यात किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. आईने, बायकोने, बहिणीने द्यावी असे गृहीत धरू नका. तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते नाही ऐका.

मग करायचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे आणि किडनी बदलण्याचे ऑपरेशनही आहे. २०२३ च्या निर्णयाने या ऑपरेशनची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे नंबर आहेत, पैसे लागत नाहीत. नाशिकला शालिमारजवळ विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आपल्याच तालुक्यात धामणगावला मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. मृत व्यक्तीची किडनी मिळावी म्हणून प्रतीक्षा यादीत नाव नोंदवा. रांग मोठी आहे, हे आम्ही लपवत नाही. पण नाव नोंदवले नाही तर नंबर कधीच लागणार नाही.

आणि किडनी जाईपर्यंत थांबू नका. साखर आणि बीपी या दोन आजारांनी सगळ्यात जास्त किडन्या जातात. चाळिशी ओलांडली की ग्रामीण रुग्णालयात दोन्ही तपासून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून महिनोन् महिने खाऊ नका.

सरकारकडे आमचे एक मागणे आहे. डायलिसिससाठी घाटमाथ्यावरच्या माणसाला नाशिक गाठावे लागू नये. प्रत्येक तालुक्याला पुरेशी मशीन आणि ती चालवणारी माणसे द्या. जवळचा इलाज महाग किंवा लांब झाला की दलालाचे फावते.

त्या ताईंनी अजून घर गहाण टाकलेले नाही. पुढच्या आठवड्यात आमच्यातले दोघे त्यांच्यासोबत नाशिकला जाणार आहेत, आरोग्यमित्राला भेटायला आणि यादीत नाव नोंदवायला. तुमच्या वस्तीत असे कुणी असेल तर त्याला एकटे सोडू नका. दलाल एकट्या माणसालाच गाठतो. विहारात या, कागद घेऊन या, मिळून वाट काढू.

जय भीम.